वारा आणि लाटांवरून समुद्राच्या पृष्ठप्रवाहाचा अंदाज कसा बांधावा

खुल्या समुद्रात आज तरंगताना दिसलेली वस्तू उद्या याच वेळी कोठे असेल, हा प्रश्न शोधपथकांना, तेलगळतीवर लक्ष ठेवणाऱ्यांना, शिडाची होडी हाकणाऱ्यांना आणि समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सारखाच पडतो. वारा ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने पाणीही जात असेल, हे सहज सुचणारे उत्तर बहुतेक वेळा चुकते, आणि ते थोडेथोडके नव्हे तर दिवसाला कित्येक किलोमीटरांनी चुकते. याचे कारण असे की वारा पाण्याला दोन वेगळ्या मार्गांनी हलवतो. एक मार्ग घर्षणाचा असून त्यात पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवाह वाऱ्याच्या दिशेपासून वळतो. दुसरा मार्ग लाटांचा असून त्यात पाणी लाटांच्या दिशेने हळूहळू पुढे सरकते. या दोहोंचा हिशेब वेगवेगळा करून शेवटी बाणांच्या बेरजेने एकत्र आणणे, आणि प्रत्येक पायरीवर आपण पाण्याच्या कोणत्या थराबद्दल बोलत आहोत हे न विसरणे, एवढे पथ्य पाळले तर साध्या गणकयंत्रावरही उपयोगी अंदाज बांधता येतो.

पुढे सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. जागा उत्तर गोलार्धात ३० अंश अक्षांशावर, किनाऱ्यापासून दूर आणि खोल पाण्यात आहे. वारा पश्चिमेकडून सेकंदाला १० मीटर वेगाने दिवसभर वाहत आहे. लाटाही त्याच वाऱ्याने उठवलेल्या आहेत, त्यांची उंची २ मीटर आणि आवर्तकाल, म्हणजे एका शिखरामागून दुसरे शिखर येईपर्यंतचा वेळ, ७ सेकंद आहे. कागदावर उत्तर दिशा आखून घ्यावी आणि वाचता वाचता बाण काढत जावे; बाणाची लांबी म्हणजे वेग आणि त्याचा रोख म्हणजे दिशा.

आधी वारा नीट मोजावा

पहिली चूक बहुधा नावातच होते. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा; पण पश्चिमेचा प्रवाह म्हणजे पश्चिमेकडे जाणारा प्रवाह. वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्यावरून पडते, तर प्रवाहाचे नाव तो जिकडे जातो त्यावरून. लाटांची दिशा हवामानाच्या अहवालांत बहुधा वाऱ्याप्रमाणेच, म्हणजे ‘जिकडून’ अशी दिलेली असते. त्यामुळे हिशेबाला बसण्यापूर्वी तिन्ही दिशा ‘जिकडे’ या एकाच पद्धतीत बदलून घ्याव्यात. आपल्या उदाहरणात वारा आणि लाटा दोन्ही पूर्वेकडे जात आहेत.

दुसरी गोष्ट उंचीची आहे. समुद्रविज्ञानातील सूत्रे पृष्ठभागापासून १० मीटर उंचीवरील वारा गृहीत धरतात. पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जावे तसा वाढतो. सर्वसाधारण परिस्थितीत २ मीटरवर मोजलेला वारा १० मीटरवरील वाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरतो, तर २० मीटर उंच डोलकाठीवरचा वारा ६ टक्क्यांच्या आसपास जास्त भरतो. जवळ उपकरण नसेल तर पाण्याच्या रूपावरून वाऱ्याचा वेग ओळखण्याची बोफर्ट श्रेणी आजही विश्वासू आहे. तुरळक पांढरी शिखरे दिसू लागली तर वारा श्रेणी ३, म्हणजे सेकंदाला साधारण ३.४ ते ५.४ मीटर असतो. शिखरे बऱ्यापैकी दाट झाली तर श्रेणी ४, आणि मध्यम लांबट लाटांवर सगळीकडे फेस दिसू लागला तर श्रेणी ५, म्हणजे ८ ते १०.७ मीटर.

वाऱ्याचा पाण्यावरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय सरासरी काढू नये. अर्धा दिवस ५ मीटर आणि अर्धा दिवस १५ मीटर वेगाने वारा वाहिला तर सरासरी वेग १० मीटरच येतो, पण पाण्यावर पडलेला एकूण ताण दिवसभर स्थिर १० मीटर वाहिलेल्या वाऱ्यापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असतो. वादळी वाऱ्यात तर पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे वाऱ्याची पकडही वाढते आणि ताण वर्गाच्याही पुढे जातो.

हा ताण किती असतो, ते एकदा तरी आपल्या हाताने काढून पाहावे. हवेची घनता प्रति घनमीटर १.२ किलोग्रॅम आणि घर्षणगुणांक ०.००१३ घेतला, तर १० मीटर वाऱ्याचा ताण प्रति चौरसमीटर ०.१६ न्यूटनच्या आसपास येतो. म्हणजे एका चौरसमीटरवर साधारण १६ ग्रॅम वजनाइतके बल. एवढ्याशा बलाने समुद्र कसा हलेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेच बल ५० मीटर जाडीच्या थरावर न थांबता एक दिवस लागू राहिले आणि दुसरा कोणताही अडथळा नसला, तर त्या थराचा वेग सेकंदाला २५ सेंटीमीटरांच्या पुढे जातो. समुद्रात वाऱ्याचे सामर्थ्य जोरापेक्षा चिकाटीत अधिक आहे, आणि म्हणूनच वारा किती वेळ वाहिला हे विचारल्याशिवाय त्याच्या वेगाचा आकडा अपुरा राहतो.

घर्षणाचा प्रवाह आणि त्याचे वळण

नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात जाणीवपूर्वक अडकवून बर्फाबरोबर वाहू दिले. त्या काळात त्यांच्या लक्षात आले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंश वळून जातो. पृथ्वीचे परिवलन हे त्याचे कारण असावे, हे त्यांनी ओळखले आणि गणिती उकल व्हाग्न वालफ्रिड एकमन या तरुण स्वीडिश अभ्यासकाकडे गेली. एकमन यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९०५ सालचा आहे. पाण्याचा सर्वांत वरचा पातळ थर वाऱ्यामुळे हलतो, तो खालच्या थराला ओढतो, खालचा त्याच्या खालच्याला. आणि प्रत्येक थरावर कोरिऑलिस बल, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनामुळे जाणवणारे वळवणारे बल, काम करत असल्यामुळे प्रत्येक थर आपल्या वरच्या थरापेक्षा थोडा अधिक वळलेला आणि थोडा अधिक मंद असतो. उत्तर गोलार्धात हे वळण उजवीकडे असते, दक्षिण गोलार्धात डावीकडे. वरून पाहिले तर या बाणांची टोके एका आकुंचन पावणाऱ्या वळणदार जिन्यासारखी दिसतात, आणि हाच एकमन यांचा सर्पिल होय.

वेगाचा अंदाज काढण्यासाठी पुढील सूत्र पुरेसे आहे: १० मीटर उंचीवरील वाऱ्याच्या वेगाला ०.०१२७ ने गुणावे आणि अक्षांशाच्या साइनच्या वर्गमूळाने भागावे. ३० अंशांचा साइन ०.५ असून त्याचे वर्गमूळ ०.७१ आहे, म्हणून आपल्या उदाहरणात पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.१८ मीटर येतो. वाऱ्याचा प्रभाव किती खोल पोहोचतो, याचे सूत्रही याच घडणीचे आहे, ०.०१२७ ऐवजी ७.६ ने गुणले की खोली मीटरमध्ये मिळते, आणि ती येथे सुमारे १०७ मीटर येते. ही दोन्ही सूत्रे १० अंशांपेक्षा कमी अक्षांशांवर वापरू नयेत. विषुववृत्तालगत कोरिऑलिस बल शून्याकडे जाते, भागाकार फुगत जातो आणि उत्तराला अर्थ उरत नाही. प्रत्यक्षात तेथे पाणी वाऱ्याच्या दिशेनेच जाऊ लागते.

दिशेबद्दल एकमन यांचा सिद्धांत सांगतो की पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्यापासून ४५ अंश वळते. समुद्रात मोजलेला कोन बहुधा याहून कमी भरतो, कारण पाण्याची घुसळण सर्व खोलींवर सारखी नसते आणि लाटांचा वाटाही त्यात मिसळलेला असतो. तूर्त ४५ अंश धरून चालू. लाटा मिळवल्यावर कोन आपोआप कमी होताना दिसेल.

येथे एक भेद मनात पक्का करून घेतला पाहिजे, कारण पाठ्यपुस्तके वाचतानाही तो निसटतो. पृष्ठभागाचा वेग ४५ अंशांवर असला तरी १०७ मीटरच्या संपूर्ण थरातील पाण्याची गोळाबेरीज वाऱ्याला बरोबर काटकोनात, म्हणजे आपल्या उदाहरणात दक्षिणेकडे जाते. तिचे प्रमाण ताणाला कोरिऑलिस गुणांकाने आणि पाण्याच्या घनतेने भागून मिळते. या उदाहरणात ते दर मीटर रुंदीमागे सेकंदाला २.१ घनमीटर, अर्थात वाऱ्याला समांतर आखलेल्या एक किलोमीटर लांबीच्या रेषेवरून सेकंदाला २,१०० घनमीटर पाणी दक्षिणेकडे जाते. तरंगत्या वस्तूचा प्रश्न असेल तर पृष्ठभागाचा बाण वापरावा. किनाऱ्यावर पाणी चढेल की उतरेल, खालचे थंड पाणी वर येईल का, असे प्रश्न असतील तर काटकोनातली गोळाबेरीज वापरावी. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की सगळा अंदाज बिघडतो.

लाटांची सरक

लाटेबरोबर आकार पुढे जातो, पाणी जागच्या जागी गोल फिरते, असे शाळेत शिकवतात आणि ढोबळमानाने ते खरेच आहे. परंतु हे वर्तुळ पूर्ण बंद होत नाही. पाण्याचा कण शिखराखाली असताना थोडा वर असतो आणि तेथे त्याची पुढची गती अधिक असते. दरीखाली असताना तो थोडा खाली असतो आणि मागची गती किंचित कमी असते. शिवाय पुढे जाताना तो लाटेच्या सोबतीने जातो, म्हणून शिखराच्या सहवासात जास्त वेळ राहतो. प्रत्येक फेरीअखेर तो थोडासा पुढे सरकलेला असतो. जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी १८४७ मध्ये हे गणिताने दाखवून दिले, म्हणून या सरकण्याला स्टोक्स ड्रिफ्ट म्हणतात.

खोल पाण्यातील एकसारख्या लाटांसाठी पृष्ठभागावरील ही सरक काढायची असेल तर लाटेच्या उंचीचा वर्ग करावा, त्याला ६.३ ने गुणावे आणि आवर्तकालाच्या घनाने भागावे. उंची मीटरमध्ये, काल सेकंदात घेतला की वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. हे सूत्र हाताशी धरून काही आकडे काढून पाहिले की लाटांकडे बघण्याची दृष्टीच बदलते. २ मीटर उंचीची लाट ५ सेकंदांची असेल तर सरक ०.२० मीटर येते, ८ सेकंदांची असेल तर ०.०५ आणि १२ सेकंदांची असेल तर जेमतेम ०.०१५. उंची तीच, पण आखूड आणि उभट लाट लांब लाटेच्या तेरापट पाणी पुढे नेते. दूरच्या वादळातून आलेल्या लांब, संथ लाटा, ज्यांना स्वेल म्हणतात, त्या डोळ्यांना भव्य दिसतात आणि जहाजाला जोरात हलवतात. पृष्ठप्रवाहात मात्र त्यांची भर किरकोळ असते. तरंगती वस्तू कोणीकडे जाईल हे ठरवताना डोळा स्वेलवर खिळतो आणि खरे काम करणाऱ्या, जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या छोट्या लाटा नजरेतून सुटतात, हा धोका सतत लक्षात ठेवावा.

अहवालात मिळणारी लाटांची उंची बहुधा ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. ती थेट या सूत्रात घातली तर मुख्य लाटांची सरक दुप्पट येते. म्हणून उत्तर निम्मे करावे. आपल्या उदाहरणात असे केल्यावर ०.०३७ मीटर मिळतात. पण येथे थांबणेही बरोबर नाही, कारण ७ सेकंदांच्या मुख्य लाटांच्या अंगावर २, ३, ४ सेकंदांच्या असंख्य लहान लाटा स्वार असतात आणि वर पाहिल्याप्रमाणे आखूड लाटांचा वाटा मोठा असतो. त्या सर्वांची बेरीज केली की वाऱ्याने चांगल्या पिकलेल्या समुद्रात पृष्ठभागावरील एकूण स्टोक्स ड्रिफ्ट वाऱ्याच्या वेगाच्या साधारण एक टक्का किंवा थोडी अधिक भरते. म्हणून येथे ०.१० मीटर घेऊ. वारा नुकताच सुटला असेल, किंवा जमिनीवरून येत असल्याने त्याला पाण्यावर पुरेसा पल्ला मिळाला नसेल, तर लाटा वाढलेल्या नसतात आणि हा आकडा कमी धरावा.

सरक खोलीबरोबर फार झपाट्याने ओसरते. १०० मीटर लांबीच्या, म्हणजे ८ सेकंदांच्या लाटेची सरक साडेपाच मीटर खोलीवर निम्मी होते. ५ सेकंदांच्या लाटेची तर सव्वादोन मीटरच्या आतच. घर्षणाचा प्रवाह शंभर मीटरांपर्यंत पोहोचतो आणि लाटांचा प्रवाह वरच्या काही मीटरांतच संपतो, हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

लाटांचे आणखी एक काम नोंदले पाहिजे. वारा पाण्याला जो संवेग देतो त्याचा मोठा भाग आधी लाटांकडे जातो आणि लाटा फुटतात तेव्हा तो प्रवाहाच्या हवाली होतो. पांढरी शिखरे म्हणजे एका अर्थाने वाऱ्याने लाटेकडे ठेवलेली ठेव प्रवाहाच्या खात्यात जमा होण्याचा क्षण आहे. वाऱ्याने उठलेल्या लाटा आणि वाऱ्याचा प्रवाह एकत्र आले की वाऱ्याला जवळजवळ समांतर अशी लांबट, आडवी वेटोळी तयार होतात. १९२७ साली अटलांटिक ओलांडताना सरगॅसम शैवाल वाऱ्याच्या दिशेने ओळी धरून तरंगत असल्याचे अर्विंग लँगम्युर यांनी पाहिले, आणि १९३८ मध्ये त्यांनी या घटनेचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. फेस, पाने, शैवाल जेथे ओळीत गोळा झालेले दिसते तेथे पाणी दोन्ही बाजूंनी येऊन खाली जात असते. अशा ओळी सेकंदाला साधारण ३ मीटरहून अधिक वाऱ्यात दिसू लागतात. निरीक्षकाला त्यांचा दुहेरी उपयोग आहे: त्यांच्यावरून वाऱ्याची दिशा चटकन वाचता येते, आणि तरंगती वस्तू शोधायची असेल तर ती दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पाण्यापेक्षा ओळीतच सापडण्याची शक्यता जास्त असते.

बाणांची बेरीज

आता कागदावर दोन बाण आहेत. घर्षणाचा बाण ०.१८ मीटरचा असून तो पूर्वेपासून ४५ अंश उजवीकडे, म्हणजे आग्नेयेकडे जातो. त्याचे पूर्व आणि दक्षिण हे दोन्ही घटक ०.१२७ येतात. लाटांचा बाण ०.१० मीटरचा आणि सरळ पूर्वेकडे आहे. बेरीज केली की पूर्वेकडे ०.२२७ आणि दक्षिणेकडे ०.१२७, म्हणजेच एकूण वेग सेकंदाला ०.२६ मीटर आणि दिशा वाऱ्याच्या उजवीकडे २९ अंश. एका दिवसात पृष्ठभागावरचे पाणी २२ किलोमीटरांहून थोडे अधिक सरकेल.

पृष्ठभागाचा वेग वाऱ्याच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतो, असा एक जुना ठोकताळा सर्वत्र वापरला जातो. आपला आकडा २.६ टक्के आला, यावरून हिशेब ताळ्यावर आहे असे समजावे. मात्र ठोकताळा वापरायचा ठरवला तर लाटांची सरक त्यात पुन्हा मिळवू नये, कारण ती त्यात आधीच आलेली आहे. ही दुहेरी मोजणी अनुभवी माणसांच्या हातूनही होते.

पाणी स्थिर आहे असे धरून आपण इथवर आलो, पण तसे ते क्वचितच असते. महासागरांचे मोठे प्रवाह आजच्या वाऱ्याने नव्हे, तर वर्षानुवर्षे वाहणाऱ्या वाऱ्यांनी घडवलेले असतात. उष्ण कटिबंधातील व्यापारी वारे आणि मध्य अक्षांशांतील पश्चिमी वारे यांच्यामुळे वरचे पाणी काटकोनात ढकलले जाऊन महासागराच्या मध्याकडे जमते आणि तेथे पाण्याचा सुमारे एक मीटर उंचीचा, अत्यंत विस्तीर्ण असा उंचवटा तयार होतो. उतारावरून पाणी खाली येऊ पाहते, कोरिऑलिस बल त्याला वळवते, आणि शेवटी प्रवाह उताराला आडवा, उंचवट्याभोवती फिरत राहतो. हा जिओस्ट्रॉफिक प्रवाह होय. ३० अंशांवर १,००० किलोमीटरमध्ये १ मीटर उतार असेल तर त्याचा वेग सेकंदाला १३ सेंटीमीटरांच्या आसपास येतो. तोच १ मीटर १०० किलोमीटरमध्ये उतरत असेल तर १.३ मीटर. महासागरांच्या पश्चिम कडेला उतार असा आवळला जातो आणि गल्फ स्ट्रीम किंवा कुरोशियो यांसारखे जोरदार प्रवाह मिळतात; तसे का होते, हे हेन्री स्टॉमेल यांनी १९४८ मध्ये दाखवले. अशा प्रवाहात असताना दिवसभराच्या वाऱ्याचा वाटा दुय्यम ठरतो.

म्हणून त्या जागेचा पार्श्वभूमीचा प्रवाह उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपातळीवरून काढलेल्या नकाशात पाहावा आणि त्याचा तिसरा बाण जोडावा. आपल्या जागी तो उत्तरेकडे ०.३० मीटर आहे असे समजू. मग पूर्वेचा घटक ०.२२७ तसाच राहतो, उत्तरेचा घटक ०.१७३ होतो, आणि पाणी वाऱ्याच्या उजवीकडे जाण्याऐवजी डावीकडे ३७ अंशांवर जाऊ लागते. ज्याने तिसरा बाण काढलाच नाही, तो येथे एकमन यांचा सिद्धांत खोटा ठरला असे म्हणेल. भरती-ओहोटीचा प्रवाह चौथा बाण होय. खोल समुद्रात तो बहुधा लहान असतो आणि दिवसभरात बराचसा स्वतःच रद्द होतो, परंतु उथळ समुद्रात आणि खाड्यांच्या तोंडाशी त्याला वगळून चालत नाही.

वस्तूचा काही भाग पाण्याबाहेर असेल तर वारा तिला पाण्याच्या तुलनेत आणखी ढकलतो. हवेचा रेटा आणि पाण्याचा रोध समतोलात आले की किती वेग मिळतो, ते घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळावरून निघते. पाण्यावरचा आणि पाण्याखालचा भाग सारखा असेल तर वस्तू पाण्याच्या तुलनेत वाऱ्याच्या सुमारे साडेतीन टक्के वेगाने जाते. पाण्यावरचा भाग पाण्याखालच्या भागाच्या एकचतुर्थांश असेल तर निम्म्याने, म्हणजे पावणेदोन टक्क्यांनी. हे गणित ढोबळ आहे, पण हलका चेंडू आणि पाण्याने भरलेली फळी एका जागेवरून निघून वेगवेगळ्या किनाऱ्यांना का लागतात, हे त्यावरून नीट उलगडते. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात एका मालवाहू जहाजावरून पडलेल्या पेट्यांतून सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी पाण्यात सुटली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांपैकी काही अलास्कातील सिट्काजवळ किनाऱ्याला लागली. पाण्यावर उंच तरंगणाऱ्या त्या खेळण्यांच्या प्रवासाचा माग काढताना अभ्यासकांना प्रवाहाबरोबर वाऱ्याच्या थेट ढकलण्याचाही हिशेब ठेवावा लागला.

कोणता थर, किती वेळ

थराचा प्रश्न किती निर्णायक आहे ते पाहण्यासाठी आपल्या उदाहरणातला पार्श्वभूमीचा प्रवाह पुन्हा बाजूला ठेवू आणि १५ मीटर खोलीचा हिशेब करू. तेथे घर्षणाचा प्रवाह ०.१८ वरून ०.१२ मीटरपर्यंत उतरलेला असतो आणि आणखी २५ अंश वळून वाऱ्याच्या उजवीकडे ७० अंशांवर गेलेला असतो. लाटांची सरक तर जवळजवळ शून्यावर आलेली असते. एकाच ठिकाणाहून एक पान पृष्ठभागावर आणि एक उपकरण १५ मीटरवरच्या पाण्याबरोबर सोडले, तर चोवीस तासांनी त्यांच्यात सुमारे १६ किलोमीटरांचे अंतर पडलेले असेल. जगभर वापरले जाणारे प्रवाहमापक तरंगते गोळे नेमके याच कारणासाठी पृष्ठभागावरील फुग्याखाली १५ मीटर खोलीवर एक लांब कापडी नळी टांगून सोडतात. नळी पाण्याला घट्ट धरते आणि गोळा त्या खोलीवरील प्रवाह दाखवतो. नळी तुटली की तोच गोळा वारा आणि लाटा यांच्या मागे अधिक जाऊ लागतो. म्हणून अशा गोळ्यांची नोंद वापरताना नळी शाबूत आहे की नाही, हे आधी पाहावे. किनाऱ्यावरील उच्च वारंवारतेची रडारे याउलट साधारण वरच्या एक-दोन मीटरचा प्रवाह मोजतात, म्हणून त्यांच्या आकड्यांची १५ मीटरच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नये.

वेळेचेही असेच आहे. वारा सुटल्याबरोबर सर्पिल तयार होत नाही. सुरुवातीचे काही तास पाणी जवळजवळ वाऱ्याबरोबर जाते, मग वळू लागते, आणि वारा अचानक पडला किंवा फिरला तर ते स्वतःच्या गतीने वर्तुळे काढत राहते. या वर्तुळाचा काल सुमारे १२ तासांना अक्षांशाच्या साइनने भागून मिळतो: ४५ अंशांवर १७ तास, ३० अंशांवर २४ तास, १५ अंशांवर ४६ तास. वारा या कालापेक्षा कमी वेळ वाहिला असेल तर वळणाचा कोन ४५ अंशांपेक्षा बराच कमी धरावा.

किनाऱ्याजवळ आल्यावर

पाण्याची खोली शंभर मीटरांपेक्षा बरीच कमी झाली की सर्पिलाला पूर्ण वळायला जागा उरत नाही आणि प्रवाह वाऱ्याच्या दिशेजवळ येतो. शिवाय किनारा पाण्याला अडवतो. येथे काटकोनातली गोळाबेरीज कामाला येते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. वरच्या थराचे पाणी उजव्या हाताला जाते. किनारा डाव्या हाताला असेल तर पाणी त्याच्यापासून दूर जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते, ज्याला अपवेलिंग म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याने कॅलिफोर्नियाचा किनारा आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याने सोमालियाचा किनारा याच रीतीने थंड होतो. पेरूच्या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येतो, पण दक्षिण गोलार्धात पाणी डाव्या हाताला जात असल्यामुळे परिणाम तोच होतो. उत्तर गोलार्धात किनारा उजव्या हाताला असेल तर पाणी त्यावर चढते. दोन्ही बाबतींत समुद्राची पातळी कललेली राहते, पहिल्यात किनाऱ्याकडे उतरती आणि दुसऱ्यात किनाऱ्याकडे चढती, आणि त्या उतारामुळे वाऱ्याच्या दिशेने किनाऱ्याला समांतर असा जोरदार प्रवाह तयार होतो. सोमाली प्रवाह तर मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा आपली दिशाच उलटवतो.

लाटा फुटतात त्या पट्ट्यात आल्यावर वरील सगळे गणित बाजूला ठेवावे. तेथे राज्य लाटांचे असते, आणि स्वेलला ज्या लांबीमुळे खुल्या समुद्रात आपण गौण ठरवले तीच लांबी येथे तिला बलवान करते. लाटा फुटताना पाणी किनाऱ्याकडे रेटले जाऊन तेथील पातळी उंचावते. लाटा तिरप्या येत असतील तर किनाऱ्याला समांतर प्रवाह सुरू होतो. जमलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील खोल खिंडीतून अरुंद झोताने परत समुद्राकडे निघते, आणि हाच रिप करंट. त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण मोठ्या लाटांत तो २ मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि इतक्या वेगाविरुद्ध कोणताही पोहणारा टिकत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसणे, आणि त्यातून फेस किंवा गढूळ पाणी बाहेर जाताना दिसणे, ही त्याची खूण होय. दिसायला तोच भाग सर्वांत निर्धोक वाटतो, म्हणून ही खूण प्रत्येकाने शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न पोहता आधी तरंगत राहावे, मदतीसाठी हात करावा आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहून झोताबाहेर पडावे.

अंदाज तपासून पाहणे

काढलेला अंदाज प्रत्यक्ष मार्गाशी ताडून पाहिल्याशिवाय हात बसत नाही. एखाद्या तरंगत्या उपकरणाची दर तासाची स्थिती मिळाली, तर प्रत्येक तासाचा अंदाजित बाण प्रत्यक्ष बाणातून वजा करावा आणि उरलेल्या बाणांची मालिका पाहावी. उरलेला बाण दिवसभर एकाच दिशेला राहिला तर पार्श्वभूमीचा प्रवाह चुकलेला आहे. तो नेहमी वाऱ्याच्या दिशेने पुढे किंवा मागे पडत असेल तर लाटांचा वाटा किंवा वस्तूच्या उघड्या भागाचा हिशेब तपासावा. तो साडेबारा तासांत एक फेरी पूर्ण करत असेल तर भरती-ओहोटी राहून गेली आहे. आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या दिशेने, त्या अक्षांशाला साजेशा कालाने फिरत असेल तर आदल्या दिवशीच्या वाऱ्याची गती पाण्यात अजून शिल्लक आहे, त्यामुळे आदल्या दोन दिवसांच्या वाऱ्याची नोंद घेऊन हिशेब पुन्हा सुरुवातीपासून करावा.